कैरी जास्त, कांदा नको

कंडक्टरने मला जिथे उतरवलं तिथे तळं होतं, एवढं खरं. बाकी माझ्या सुनेने, सुगंधाने, सांगितलेली एकही खूण जागेवर नव्हती. ती म्हणाली होती, बसमधून पाय खाली ठेवलात की समोरच भेळेच्या गाड्यांची रांग दिसेल, कुणाला विचारायलाही लागणार नाही. माझ्यासमोर एक म्हातारा म्हशी धूत होता.

त्यालाच विचारलं, गाडे कुठे लागतात. त्याने म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही, नुसत्या हनुवटीने पाण्यापलीकडचा काठ दाखवला. तिकडे लांबवर लाल-निळे ठिपके दिसत होते. म्हटलं, जायचं कुठून.

“कुठनंबी जावा,” तो म्हणाला. “तळं हाय, गोलच असतंय.”

म्हशीला द्यायचं उत्तर मला दिलं म्हणून त्याला दोन शब्द सुनावले आणि उजव्या हाताला चालायला लागले. अर्ध्याहून जास्त वाट संपल्यावर कळलं, डाव्या हाताने गेले असते तर केव्हाच पोहोचले असते.

कदमवाडीत आक्का खराडे कुठे राहते असं विचारा, माझ्या दारात आणून सोडतील. नवरा गेला तेव्हा दिनकर मांडीवर होता. पिठाची गिरणी मी चालवली, पट्टा तुटला तर मीच जोडला, आणि मापाला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. शाळा दुसरीपर्यंत. पाटी वाचता येते, पण मी अक्षराला अक्षर लावेपर्यंत बस निघून जाते. कोल्हापुरात जन्म काढला तरी घर, गिरणी, बाजार आणि अंबाबाई, यापलीकडे जायची वेळ माझ्यावर आली नव्हती. आणि रस्त्यावर उभं राहून खाणं तर आमच्या घराला माहीतच नव्हतं. ढोरं उभ्याने खातात, माणसाने मांडी घालून खावं, हे मी येता-जाता म्हणायची. सून आल्यावर जरा जास्तच म्हणायची, कारण तिला बाहेरचं आवडतं अशी मला शंका होती.

अशी मी, कापडी पिशवी काखेत मारून, शिमग्यानंतरच्या उन्हात रंकाळ्याला प्रदक्षिणा घालत होते. तेही भेळेसाठी.

कारण सुगंधा खात नव्हती. तिला तिसरा महिना लागला होता. आदल्या वर्षी तिसऱ्यातच एक हातचं गेलं होतं, म्हणून या खेपेला मी सख्ख्या जावेलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. पण पोरीच्या पोटात काही ठरेना. पेज, मऊ भात, ज्वारीची लापशी, मी करायची आणि ती न्हाणीकडे पळायची. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हिच्या पोटात अन्न गेलं नाही तर दाखल करावं लागेल, आणि मागच्या वेळचं विसरू नका. मी कशी विसरणार? त्या वेळचं गोधडं मीच धुतलं होतं.

त्या दुपारी तिच्या उशाशी बसले आणि म्हटलं, तुला वाटतंय तरी काय खावंसं? आभाळातलं असलं तरी सांग, आणते. तिने कूस बदलली. मग म्हणाली, रंकाळ्यावरची भेळ.

मी म्हटलं, चुरमुरे घरात आहेत, आत्ता करते.

“तशी नको, आत्ती. तिथलीच. एका गाड्यावर मोर काढलाय, तिथं एक बाई असते. तिला सांगा, कैरी जास्त, कांदा नको, वर गुळाचा खडा. एवढंच सांगा. बाकी काही बोलू नका.”

दिनकर येईल कामावरून, त्याला पाठवते म्हटलं तर अंगात ताकद नसलेली पोर ताडकन उठून बसली. त्यांना नको. तुम्हीच जा. मला काही उलगडा होईना. भेळेत गूळ कुणी खातं का? आणि नवऱ्याने आणली तर ती कडू होते का? पण डोहाळे लागलेल्या बाईला कारणं विचारत नाहीत, म्हणून निघाले.

खरं तर हे लाड पुरवायचं काम माहेरचं. तिला माहेर असून नसल्यासारखं होतं. दिनकरने लग्न स्वतःच्या मनाने केलं. तिचा बाप हॉटेलवाला आहे, डोक्याने गरम आहे, पोरीचं तोंड बघणार नाही अशी शपथ त्याने घेतली आणि बायकोच्या गळ्यातही घातली, एवढंच दिनकरने मला सांगितलं. लग्नाला तिकडून चिटपाखरू आलं नाही. मीही चौकशी केली नाही. ज्यांना माझ्या दारात यायचं नाही, त्यांचं दार कुठल्या पेठेत आहे हे जाणून मला काय करायचं होतं?

मोराचा गाडा शेवटी सापडला. मोर कसला, पिसारा पुसला असता तर कोंबडा म्हणून खपला असता. गाड्यामागे माझ्याच वयाची एक बारीक बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हात असे चालत होते की बघून डोळे फिरावेत. भोवती कॉलेजातली पोरं-पोरी उभ्याने ओरपत होती. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि बाईला सांगितलं, बांधून दे, कैरी जास्त, कांदा नको, वर गुळाचा खडा.

तिचा हात पातेल्यातच थांबला.

“कुणाला पायजे?”

आता हे हिला कशाला? जावेला सांगितलं नाही ते भेळवालीला सांगू?

“मलाच,” मी म्हटलं.

तिने माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, मग पांढऱ्या केसांकडे बघितलं. “तुमास्नीच,” ती हळू म्हणाली. मग विचारलं, कुठून आलात. कदमवाडी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कांद्याने असेल असं मला वाटलं, पण तिच्या पुढ्यात तर कैरी होती.

मग तिने जे विचारायला सुरुवात केली त्याला अंत नाही. खाल्लेलं पोटात राहतं का. सकाळी जास्त होतं की संध्याकाळी. झोप लागते का. मी म्हटलं, बाई, तू भेळ विकतेस का नाडी बघतेस?

“पाय सुजत्यात काय?” तिने विचारलं.

“तुझ्या तळ्याला फेरी मारल्यावर सुजणार नाहीत तर काय होईल?”

ती हसली, पण डोळे पुसत हसली. समोरच्या पोरांना तिने थांबवून ठेवलं, मला स्टुलावर बसवलं आणि माझी पिशवी मागून घेतली. सुकं वेगळं बांधते, चटणी वेगळी देते, घरी गेल्यावर कालवा, म्हणाली, आणि गाड्याच्या मागे खाली वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. एवढ्या वेळात माझ्या गिरणीत पायलीभर जोंधळे निघाले असते. वर आली आणि पैसे घेईना. मी फुकट खाणाऱ्यातली नव्हे, असं म्हणून पैसे गाड्यावर टाकले आणि उठले. निघताना तिने माझा हात धरला. जपून न्या, म्हणाली. भेळ ती, जपून काय न्यायची? वेडी असावी, असं ठरवून मी समोर आलेली पहिली बस पकडली.

ती बस फुलेवाडीची निघाली. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर म्हणाला, मावशी, तुमचं गाव मागं राहिलं. मी त्याला म्हटलं, गाव जागेवरच आहे, तुझी बस पुढे आली. त्याच बसमध्ये बसून परत आले आणि घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती.

स्वयंपाकघरात जाऊन पिशवी रिकामी केली. वर भेळेच्या पुड्या. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. सोडलं आणि मी तिथेच खाली बसले. हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी. आणि सगळ्यावर मूठभर चुरमुरे.

ओटी. मला, विधवेला. आणि तांदळाच्या जागी चुरमुरे.

आधी डोक्यात तिडीक गेली. म्हातारीला या वयात कैरी खावीशी वाटते म्हणून त्या बाईने माझी थट्टा मांडली होती. पण मग तिचं ते रडणं आठवलं, हात धरणं आठवलं, पोटाची चौकशी आठवली, आणि अंगावर काटा आला. थट्टा करणारी रडत नाही. मग काय होतं हे? काही केलेलं, भारलेलं, उतरून टाकलेलं? घरात दोन जिवांची बाई, एक गेलेलं, दुसरं पोटात. मी ते गाठोडं तसंच उचललं आणि गिरणीत रिकाम्या डब्यात टाकून वर पोतं ठेवलं.

भेळही फेकून देणार होते. पण सुगंधा वासानेच उठून बसली होती. कालवून दिली. तिने कागद चाटायचा तेवढा बाकी ठेवला. गुळाचा खडा शेवटी तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि देवाशप्पथ, न्हाणीकडे गेली नाही.

“काय म्हणाली ती?” तिने विचारलं.

म्हटलं, काय म्हणणार, जपून न्या म्हणाली.

“आणि?”

“आणि काय?”

“अजून काही दिलं का, आत्ती?”

मी तिच्याकडे बघितलं. हिला कसं कळलं, का नुसतंच विचारते? पण त्या वस्तूंची सावली तिच्यावर पडू द्यायची नाही हे माझं ठरलेलं होतं. म्हटलं, भेळ दिली, दुसरं काय देणार? तिने मान हलवली, भिंतीकडे तोंड केलं, आणि थोड्या वेळाने बघते तर तिची पाठ हलत होती. मी उशाशी बसून विचारलं, भेळ बाधली का. ती म्हणाली, नाही आत्ती, छान होती. पोट भरलं तर रडायचं कशाला, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

सकाळी पुन्हा तेच. पाणीसुद्धा ठरेना. आता तर तिला भेळही नको होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत बघू, नाहीतर आणा दवाखान्यात. मी गिरणीत गेले आणि त्या डब्याकडे बघत उभी राहिले. हे घरात आलं आणि पोरीने अन्नावरची वासनाच टाकली, अशी माझी खात्री झाली. पोतं बाजूला केलं, गाठोडं पिशवीत घातलं. ज्याचं त्याला परत. तोंडावर परत.

या वेळी मी बस नीट विचारून धरली, बरोबर थांब्यावर उतरले, बरोबर हाताला वळले. गाडे नव्हते. जिथे काल रांग होती तिथे चुलीच्या विटा, राख आणि कैरीच्या साली. कणसं भाजणारी एक पोरगी होती, ती म्हणाली, कठड्याचं काम निघालंय, सकाळीच सगळ्यांना उठवलं. कुठे गेले? काही तळ्याच्या पलीकडे, काही खाऊगल्लीत. मी तळ्याला पुन्हा फेरी मारणार नव्हते. रिक्षा केली आणि खाऊगल्ली म्हटलं.

रिक्षावाल्याने मला राजारामपुरीत नेलं. मी दोन गल्ल्या हिंडले. डोसेवाले, सरबतवाले, आइसक्रीमवाले, मोर कुठेच नाही. एका डोसेवाल्याने सांगितलं, भेळवाले असतील तर खासबागेकडे बघा, मैदानाजवळ. परत येऊन रिक्षावाल्याला विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तुम्ही खाऊगल्ली म्हणाला, हीबी खाऊगल्लीच हाय. खरंच होतं ते, म्हणून जास्त राग आला. एवढ्याशा शहरात माणसं घरी खात नाहीत की काय, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, तुम्हीबी निघालाच की. मी रिक्षात बसले आणि म्हटलं, खासबाग.

खासबागेत कुस्तीच्या मैदानाशेजारी गाड्यांची दाटी होती आणि शेवटून दुसरा मोर उभा होता. पण गाड्यामागे ती बाई नव्हती. एक धिप्पाड माणूस होता. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली, उतारवयातला पैलवान. तेवढ्या मोठ्या पंजात चमचा काडीसारखा दिसत होता.

मी विचारलं, इथली बाई कुठे आहे.

“पाण्याला गेलीया. काय पायजे, मला सांगा.”

राग असा वर आला होता की मी थांबले नाही. पिशवीतून गाठोडं काढलं आणि त्याच्या गाड्यावर, चटणीच्या पातेल्यांच्या मध्ये, उघडं करून ठेवलं. नारळ घरंगळून त्याच्या हाताला लागला. म्हटलं, तुझ्या बाईला विचार, विधवेच्या पिशवीत ओटी घालायची ही कुठली रीत? थट्टा असेल तर मी थट्टेची बाई नव्हे, आणि दुसरं काही असेल तर माझ्या घरावरची नजर काढून घ्यायला सांग. माझी सून अन्नाला शिवत नाही.

आजूबाजूची माणसं खायची थांबली. तो मात्र माझ्याकडे बघतच नव्हता. तो त्या खणाकडे बघत होता. बोटाने त्याने खणाचा काठ उलटा केला, जसा कापडवाल्याकडे बघतात तसा.

“बाई,” तो म्हणाला, “भेळ घेताना तुम्ही काय सांगितलंतं?”

“कैरी जास्त, कांदा नको.”

“आनी?”

“वर गुळाचा खडा.”

त्याने स्टोव्ह बंद केला. समोर गिऱ्हाईक उभं, त्याला दिसेना. तो स्टुलावर बसला आणि ते स्टूल त्याच्याखाली कुरकुरलं. तेवढ्यात ती बाई दोन्ही हातांत कळशा घेऊन आली. मला बघितलं, गाड्यावरचा खण बघितला, नवऱ्याकडे बघितलं. कळशा खाली ठेवायचंही तिला सुचेना.

“आक्का,” ती मला म्हणाली, “ही ओटी तुमची नव्हे वो. माझ्या लेकीची हाय. सुगीची.”

माझ्या डोक्यात सगळं पीठ एकत्र सांडल्यासारखं झालं. सुगी म्हणजे कोण? मग कळलं, आमची सुगंधा. मग हा धिप्पाड माणूस. मग हॉटेल. हे हॉटेल, चार चाकांचं!

ती नवऱ्याच्या देखत बोलत होती आणि आता भीत नव्हती. लहानपणापासून सुगी भेळेत गूळ मागायची. अख्ख्या रंकाळ्यावर अशी भेळ खाणारी तेवढी एकच. काल मी ती मागितली आणि कदमवाडी म्हटलं, तेव्हाच तिने ओळखलं की निरोप आलाय. कैरी जास्त म्हटल्यावर निरोप कसला तेही ओळखलं. तिसऱ्या महिन्यात आई लेकीची ओटी भरते, कुणाला न सांगता, चोरओटी म्हणतात ती. आपल्याला लेकीकडे न जायची शपथ आहे, आपल्या हाताने भरता यायची नाही, मग जी बाई आली तिच्या पिशवीतूनच पाठवली. खण सुगीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेला, तो लग्नापासून गाड्याच्या फळीखाली पडून होता. नारळ गाड्याच्या पूजेचा. तांदूळ कुठून आणणार? हाताशी होते ते चुरमुरे घातले.

“मग तोंडाने सांगता येत नव्हतं?” मी म्हटलं.

“तुमी म्हणाला, मलाच पायजे.”

एवढ्याशा पोरीने मला, आक्का खराडेला, टपालाची पेटी केलं होतं, आणि पेटीने कागद पोटातच ठेवला होता. काल सुगंधा विचारत होती, अजून काही दिलं का. मी म्हटलं, काही नाही. म्हणजे रात्रभर ती काय समजून पडली असेल?

पैलवान उठला. मला वाटलं, आता बायकोवर हात टाकतो की काय, आणि मी पिशवी घट्ट धरली. त्याने खणाची घडी घातली, त्यावर नारळ ठेवला, सांडलेले चुरमुरे एक-एक करून वेचून त्यात टाकले आणि गाठोडं माझ्यापुढे सरकवलं. शपथ त्याची त्यानेच मोडायची, पण तोंड कसं उघडायचं हे त्याला ठाऊक नसावं. मैदानाच्या भिंतीकडे बघत म्हणाला,

“भेळ ही काय बांधून न्यायची चीज नव्हं. कालवली की खायाची. हितंच. गाड्यावर.”

उद्या दुपारी पोरीला आणते, असं सांगून मी निघाले. घरी जाऊन गाठोडं सुगंधाच्या मांडीवर ठेवलं. ती चुरमुऱ्यांना हात लावून हसली आणि मग इतकी रडली की मी दिनकरला दाराबाहेर उभं केलं. मी तिला एकच सांगितलं, पुढच्या वेळी मला कुठे पाठवशील तर कशाला पाठवतेस ते सांगून पाठव. ती म्हणाली, आत्ती, माझ्या आईचा गाडा आहे म्हटलं असतं तर तुम्ही गेला असता? मी गिरणी बंद करायला उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा केली. खासबाग म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि खड्डा दिसला की त्याच्या खांद्यावर थाप मारली. सुगंधाचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. पदराच्या टोकाला मी घरचे तांदूळ बांधून घेतले होते. आमच्या गिरणीत लोकांचं धान्य येतं, हे माझ्या घरच्या हंड्यातले होते.

गाड्यापाशी गिऱ्हाईक नव्हतं. समोर एक चादर दोरीवर टाकून आडोसा केला होता. इंदुबाईने, म्हणजे सुगंधाच्या आईने, लेकीला स्टुलावर बसवलं, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. पैलवान मात्र आमच्याकडे पाठ करून उभा होता. पोरीचं तोंड बघणार नाही म्हणाला होता ना, तो शब्द पाळत होता. कैरी चिरत होता. एवढी कैरी चिरली की गावजेवणाला पुरली असती.

विधवेने ओटी भरायची नसते, हे मला कुणी शिकवायला नको. मी चादरीच्या कडेला उभी राहिले आणि गाठ सोडून तांदूळ इंदुबाईच्या ओंजळीत ओतले. तिने वर बघितलं. मी म्हटलं, चुरमुरे पण राहू देत, त्यांनी काय घोडं मारलंय. ओटी भरली. खणावर नारळ, नारळाभोवती माझे तांदूळ आणि तिचे चुरमुरे, वेगळे करता आले नसते असे.

मग पैलवानाने भेळ कालवली. कैरी जास्त, कांदा नाही, वर गुळाचा खडा. आणि न वळता, ताटली खांद्यावरून मागे धरली. सुगंधा उठायला गेली, मी तिला दाबून बसवलं. ताटली तशीच हवेत.

मला राहवलं नाही.

“एवढ्या कुस्त्या मारल्यास म्हणे,” मी म्हटलं. “पाठ दाखवायला कुठल्या तालमीत शिकवलं?”

इंदुबाईने तोंडाला पदर लावला. मग हळूहळू, एवढं मोठं धूड वळलं. सुगंधा त्याच्याकडे बघत होती. त्याने ताटली तिच्या हातात दिली, आणि हात तिच्या डोक्याकडे नेला, पण चटणीचा होता म्हणून मध्येच थांबवला. सुगंधाने स्वतःच डोकं पुढे करून त्याच्या मनगटाला लावलं.

“खडा बारीक घातला, आबा,” ती म्हणाली.

त्याने गुळाची अख्खी ढेप तिच्यापुढे ठेवली.

ती खात होती. सावकाश, सगळी. मी बघत होते, घास खाली जातो का, गेल्यावर राहतो का. राहत होता. इंदुबाईने न विचारता एक ताटली माझ्या हातात दिली. बसायला दुसरं स्टूल नव्हतं. मी इकडे तिकडे बघितलं, कदमवाडीचं कुणी दिसत नव्हतं, आणि उभ्यानेच खाल्ली.

“तिखट कमी आहे,” मी म्हटलं.

“फुडच्या टायमाला घालते की.”

“पुढच्या वेळी मी येणार आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला, विहीणबाई?”

पदराने तोंड पुसलं, रिकामी पिशवी काखेत मारली आणि रिक्षा बघायला तरातरा निघाले. बरीच पुढे गेल्यावर मागून सुगंधाची हाक आली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जोर होता. मी उलट्या बाजूला निघाले होते.